संसारनौका: एक सागरी तपासणी

मराठी लग्नसमारंभातील भाषणांत, मानपत्रांत आणि षष्ट्यब्दीच्या निमंत्रणपत्रिकांत ‘संसारनौका’ हा शब्द इतक्या सहजपणे वापरला जातो की, या नौकेला शीड असते की वल्ही, तिचे सुकाणू कोणाच्या हाती असते आणि मध्यरात्री ती कोण हाकते, हे प्रश्न वक्त्यालाही पडत नाहीत आणि पंगत कधी बसते याकडे कान लावून बसलेल्या श्रोत्यांनाही पडत नाहीत. या रूपकाचे कर्ते बहुधा नदीकाठचे असावेत. कारण त्यांच्या नौकेत पती आणि पत्नी शेजारी शेजारी बसलेली असतात, दोघांची दृष्टी एकाच पैलतीरावर खिळलेली असते आणि तो पैलतीर, थोडेफार धुके असले तरी, दिसत असतो. प्रत्यक्ष महासागरात एखाद्या जोडप्याने नौका चालवायला घेतली, तर यांपैकी एकही गोष्ट घडत नाही.

हे विधान तपासून पाहण्याची सोय दक्षिण प्रशांत महासागरात दरवर्षी ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या महिन्यांत आपोआप होते. त्या सुमारास टोंगाच्या बेटांवरून दहा ते चौदा मीटर लांबीच्या अनेक शिडाच्या नौका न्यूझीलंडकडे निघतात, कारण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंतचा काळ त्या भागात चक्रीवादळांचा मानला जातो. यांतील पुष्कळ नौकांवर दोनच माणसे असतात, ती एकमेकांशी विवाहबद्ध असतात किंवा तितक्याच काळापासून एकत्र असतात, आणि न्यूझीलंडच्या जोडप्यांच्या बाबतीत तर हा प्रवास म्हणजे हिवाळा उबदार बेटांवर काढून घरी परतणे असते. अंतर सुमारे एक हजार सागरी मैल. सागरी मैल हा जमिनीवरच्या मैलापेक्षा थोडा मोठा, म्हणजे १.८५२ किलोमीटरचा असतो, आणि तासाला एक सागरी मैल या वेगाला एक नॉट म्हणतात. अशा नौका साधारणपणे पाच ते सहा नॉट वेगाने जातात, म्हणजे डबा मागे बांधून दळण आणायला निघालेला सायकलस्वार त्यांना सहज मागे टाकेल. या वेगाने समुद्र ओलांडायला निघणाऱ्यांना घरची ओढ आहे, हे विधान जपूनच करावे लागते.

जोडप्यांच्या या परंपरेला प्रतिष्ठित पूर्वज आहेत. एरिक आणि सुसान हिस्कॉक या इंग्रज दांपत्याने तीस फुटी ‘वाँडरर थ्री’मधून १९५२ ते १९५५ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्याने ‘सेराफिन’ या जेमतेम चोवीस फुटी नौकेत इंजिनच बसवले नाही. त्यामुळे इंजिन दुरुस्त कोणी करायचे हा, अन्य जोडप्यांचे निम्मे आयुष्य खाणारा प्रश्न त्यांच्या संसारात उद्भवलाच नाही. मॉरिस आणि मॅरलिन बेली यांनी तर स्वतःच्या नावांचे तुकडे जोडून नौकेला ‘ऑरॅलिन’ हे नाव दिले होते, जसे आपल्याकडे काही बंगल्यांना दिले जाते. बंगल्याला देवमासा धडकण्याची शक्यता कमी असते. ‘ऑरॅलिन’ला १९७३ च्या मार्चमध्ये तो धडकला, नौका बुडाली आणि हे दोघे जवळजवळ चार महिने एका रबरी तराफ्यावर, वाकवलेल्या सेफ्टी पिनांनी मासे पकडत तरंगत राहिले. दक्षिण कोरियाच्या एका मासेमारी जहाजाने त्यांना वाचवल्यानंतर त्यांनी जे केले ते दांपत्यजीवनाच्या अभ्यासकांनी अधिक लक्षात घेण्यासारखे आहे: त्यांनी दुसरी नौका घेतली आणि तिचे नाव ‘ऑरॅलिन टू’ ठेवले. बुडताना ते निघाले होते न्यूझीलंडलाच.

प्रस्थानाचे ठिकाण टोंगाची राजधानी नुकुअलोफा, आणि या नावाचा अर्थ ‘प्रेमाचे निवासस्थान’ असा होतो. तेथून निघणे अवघड असते, पण ते नावामुळे नव्हे. शुक्रवारी प्रवासाला निघू नये, असा दर्यावर्द्यांचा जुना समज असून, विज्ञानाच्या पदव्या घेतलेली जोडपीही तो ‘केवळ गंमत म्हणून’ पाळतात. शनिवारी सरकारी कचेऱ्या बंद असतात. आणि रविवार पवित्र मानावा, असे टोंगाच्या संविधानातच लिहिलेले आहे. अनुकूल वारा नेमका शुक्रवारी सकाळी सुरू होतो. अशा वेळी नौकेवर जी चर्चा होते, ती श्रद्धा आणि हवामानशास्त्र यांच्यातील चर्चा आहे, असे दोघेही मानत असले तरी ऐकणाऱ्याला ती वेगळीच वाटते.

एकदा नौका उघड्या समुद्रात आली की संसारनौकेच्या रूपकाला पहिले भोक पडते, आणि ते पहाऱ्याच्या व्यवस्थेमुळे पडते. नौका रात्री कोठे थांबत नाही. अथांग पाण्यात नांगर टाकता येत नाही. मोठी मालवाहू जहाजे क्षितिजावर दिसल्यापासून वीसेक मिनिटांत जवळ येऊ शकतात. म्हणून दोघांपैकी एकाला सतत जागे राहावे लागते, आणि तीन किंवा चार तासांच्या पाळ्या लावल्या जातात. एक उठतो तेव्हा दुसरी झोपते, ती उठते तेव्हा तो झोपतो, आणि झोपायला मिळते ते नौकेच्या कललेल्या बाजूचे एकच अरुंद फळकूट, ज्याला झोपणारा गडगडू नये म्हणून कापडाची आडभिंत बांधलेली असते. गिरणगावातल्या खोल्यांत कामगार पाळीपाळीने एकच अंथरूण वापरत आणि ते अंथरूण कधी थंड होत नसे, असे मुंबईचे इतिहासकार सांगतात. समुद्रावरील दांपत्यजीवनाचे याहून अचूक वर्णन नौकानयनाच्या पुस्तकांतही सापडणार नाही. सहजीवनाची परमावधी म्हणून ज्या प्रवासाकडे किनाऱ्यावरचे मित्र हेव्याने पाहतात, त्यात दोघांची भेट दिवसातून सहा-आठ वेळा, प्रत्येकी पाच मिनिटे होते, आणि त्या भेटीत एकाच्या डोळ्यांवर यायची झोप असते व दुसऱ्याच्या डोळ्यांवरची गेलेली नसते. संभाषणाचे विषय ठरलेले असतात: वाऱ्याचा वेग, उजवीकडचा दिवा जहाजाचा की ताऱ्याचा, आणि थर्मासमध्ये चहा उरला आहे काय.

उरलेला पत्रव्यवहार नोंदवहीतून चालतो. जहाजाचे स्थान, दिशा, वारा आणि वायुभार तासातासाला लिहून ठेवण्यासाठी असलेली ही वही कायद्याच्या दृष्टीने गंभीर दस्तऐवज आहे. पण तिच्या शेऱ्याच्या रकान्यात ‘पहाटे तीन, वारा अठरा नॉट, पुढची झडप पुन्हा उघडीच होती’ अशी नोंद आढळली, तर त्यातील ‘पुन्हा’ हा शब्द हवामानविषयक नाही, हे जाणकाराने ओळखावे. येथे झडप म्हणजे नौकेच्या छताला असलेले, हवा आत घेण्याचे झाकण. त्यातून हवेबरोबर लाटही आत येते आणि ती नेहमी झोपलेल्या माणसाच्या बाजूलाच येते. या नोंदीला उत्तर लगेच मिळत नाही, कारण उत्तर देणारी व्यक्ती झोपलेली असते. आणि ती जागी होते तेव्हा तक्रारदार झोपलेला असतो. भांडणासाठी किमान दोन माणसे एकाच वेळी जागी असावी लागतात, ही अट किनाऱ्यावर इतकी सहज पूर्ण होते की तिचे महत्त्व कोणाच्या ध्यानात येत नाही. समुद्रावर ती पूर्ण होत नसल्याने भांडणे निकालात न निघता साचत जातात.

या काळात दोघांचाही खरा सहवास असतो तो तिसऱ्या सभासदाशी. वाऱ्याच्या दिशेवरून सुकाणू आपोआप वळवणारे एक यंत्र नौकेच्या मागच्या बाजूला बसवलेले असते. वाऱ्यात डोलणारे एक पाते आणि पाण्यात सोडलेली एक फळी एवढाच त्याचा पसारा. ते वीज मागत नाही, अन्न मागत नाही, रात्रंदिवस सुकाणू धरते आणि सूचना केली असता ‘मला माहीत आहे’ असे म्हणत नाही. १९६० च्या एकट्याने अटलांटिक ओलांडण्याच्या शर्यतीत फ्रान्सिस चिचेस्टर यांनी आपल्या अशा यंत्राला ‘मिरांडा’ हे नाव दिले होते, आणि तेव्हापासून या यंत्रांचे बारसे करण्याची प्रथा रुळली. जोडपी या यंत्राशी बोलतात, त्याचे आभार मानतात आणि एकमेकांविषयीच्या काही गोष्टीही त्याच्या कानावर घालतात.

पहाऱ्याच्या या गणिताला विवाहाची गरज नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे. भारतीय नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यातच बांधलेल्या ‘तारिणी’ या नौकेतून गोव्याहून निघाल्या आणि न्यूझीलंडमधील लिटलटनसह मोजक्याच बंदरांत थांबत २०२५ च्या मेअखेर पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतल्या. त्या आठ महिन्यांतही नौकेवर दोघीच होत्या. फरक इतकाच की नौदलात पाळी बदलताना सलाम करता येतो.

टोंगातून निघाल्यावर सुमारे २६० सागरी मैलांवर, म्हणजे दोन दिवसांनी, या प्रवासातील सर्वांत विलक्षण मुक्काम येतो, आणि तेथे संसाराचा साचलेला हिशेब चुकता होतो. त्याचे नाव मिनर्व्हा. समुद्रतळापासून उठलेल्या पण माथा पाण्याबाहेर न राहिलेल्या पर्वतांवर प्रवाळांनी, म्हणजे पोवळी तयार करणाऱ्या सूक्ष्म जीवांनी, बांगडीसारखे कडे बांधले आहे. अशी दोन कडी आहेत, उत्तरेचे आणि दक्षिणेचे, आणि १८२९ मध्ये येथे आपटून फुटलेल्या ‘मिनर्व्हा’ या देवमासे पकडणाऱ्या जहाजाचे नाव त्यांना मिळाले. जो बुडाला त्याच्याच नावाने पाटी लावण्याची ही पद्धत नकाशाशास्त्रात फार रूढ आहे. ओहोटीला कडे हातभर वर येते, भरतीला ते पाण्याखाली जाते. बेट नाही, झाड नाही, वाळूचा पट्टा नाही, गोड्या पाण्याचा थेंब नाही. उत्तरेच्या कड्याला वायव्येकडे एक दरवाजा आहे, त्यातून आत गेले की वीसेक मीटर खोलीचे शांत तळे लागते आणि त्याच्या वाळूत नांगर धरतो. दुरून पाहणाऱ्याला भर महासागरात, कोणत्याही जमिनीच्या आधाराशिवाय, डोलकाठ्यांचे एक लहानसे बन उगवलेले दिसते.

येथे पोचताच पहिली परीक्षा नांगराची असते. एकाने पुढे उभे राहून नांगर सोडायचा, दुसऱ्याने मागे सुकाणूवर राहून नौका मागेपुढे करायची, आणि मध्ये दहा-बारा मीटर अंतर, इंजिनाचा आवाज व वारा. त्यामुळे हातवाऱ्यांची भाषा ठरवलेली असते, पण ती ठरवताना दोघांनी एकेक अर्थ मनात धरलेला असतो. या कामासाठी विकल्या जाणाऱ्या कानावरच्या बिनतारी संचाला नौकावाल्यांच्या बोलीत ‘विवाहरक्षक’ अशा अर्थाचे नाव पडले आहे, यावरून मूळ समस्येचे गांभीर्य कळावे. आधीच नांगरलेल्या नौकांवरचे लोक त्या वेळी हातातले काम सोडून, चहाचे कप घेऊन बाहेर येतात. मिनर्व्हाची चाळ ती हीच: एक मोसम, वीस-पंचवीस बिऱ्हाडे, सामाईक अंगण म्हणून महासागर. कांद्याच्या बदल्यात अंडी दिली जातात, कोणाच्या इंजिनाला कोणता पंप लागतो हे सर्वांना ठाऊक असते, आणि पाण्यावरून आवाज फार दूर जातो, हे नवख्या जोडप्याला दुसऱ्या दिवशी समजते.

कारण पहिल्या रात्री, दोन दिवसांच्या खंडानंतर, दोघे प्रथमच एकत्र जागी असतात. झडपेचा विषय निघतो. तो नुकुअलोफापासून तुंबलेला असल्यामुळे थोडा वेळ चालतो, आणि मग भरती येते. कडे पाण्याखाली गेले की बाहेरच्या लाटा त्यावरून आत शिरतात, तळ्यातल्या सर्व नौका डुलू लागतात आणि टेबलावरची भांडी युक्तिवादाच्या आड येऊ लागतात. चंद्राच्या आकर्षणाने कौटुंबिक वादात मध्यस्थी केल्याची याहून स्पष्ट उदाहरणे थोडी असतील. ओहोटी लागून पाणी स्थिर होते तोवर दोघेही झोपलेली असतात, एकाच वेळी, आणि कोणीही पहाऱ्यावर नसते.

दिवसाची कामे वेगळी. ओहोटीला बूट घालून कड्यावर चालता येते आणि बाहेरच्या कडेच्या भेगांत शेवंडे सापडतात. याहून महत्त्वाचे काम नौकेच्या बुडाचे. परदेशी शेवाळ आणि शिंपले आपल्या किनाऱ्याला लागू नयेत म्हणून न्यूझीलंडने येणाऱ्या नौकांचे तळ स्वच्छ असण्याचा नियम २०१८ पासून लागू केला आहे, आणि कित्येक जोडपी शेवटचा हात मिनर्व्हाच्या नितळ पाण्यात फिरवतात. त्या तळ्यात शार्कही असतात. म्हणून एकाने पाण्यात उतरून खरवडायचे आणि दुसऱ्याने शार्ककडे लक्ष ठेवायचे, अशी श्रमविभागणी होते; ती कोणत्या निकषावर होते आणि लक्ष ठेवणाऱ्याच्या हातात पुस्तक का असते, यावर मात्र मतभेद आढळतात.

मिनर्व्हा कोणाचे, हा प्रश्न याच पाण्यात अधिक उग्र स्वरूपात लढला गेला आहे. कर आणि सरकार दोन्ही नको असलेल्या काही अमेरिकनांनी, लास वेगासचे मायकेल ऑलिव्हर यांच्या पुढाकाराने, कड्यावर वाळू आणून ओतली, झेंडा उभारला आणि १९७२ च्या जानेवारीत ‘मिनर्व्हा प्रजासत्ताक’ घोषित केले. त्याचे नाणेही पुढे पाडले गेले. ज्या राष्ट्राची भूमी दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते त्याला कर बसवणे खरोखरच कठीण, हा त्यातील विचार मान्य करावा लागतो. टोंगाचे राजे चौथे ताउफाआहाऊ तुपोऊ यांनी त्याच वर्षी जूनमध्ये ही कडी आपल्या राज्याला जोडून घेतली आणि प्रजासत्ताक संपले. फिजीला मात्र हे मान्य नाही. २०११ मध्ये तेथील मार्गदर्शक दिव्यांवरून दोन्ही देशांच्या नौदलांत ताणाताणी झाली. हा वाद ज्याने शेजाऱ्याशी बांधावरून कोर्टकचेरी केली आहे अशा महाराष्ट्रातील कोणत्याही शेतकऱ्याला भाषांतराशिवाय समजेल. बांध पाण्याखाली असल्याने वादाची गोडी कमी होत नाही, हेही तो सांगेल.

या पाण्यात सारेच हसण्यासारखे घडलेले नाही. १९६२ च्या जुलैमध्ये न्यूझीलंडला निघालेली ‘तुआइकाएपाउ’ ही टोंगाची नौका दक्षिणेच्या कड्यावर फुटली. तिच्यावरील माणसे तेथेच पडलेल्या एका जपानी मासेमारी जहाजाच्या सांगाड्यात सुमारे तीन महिने राहिली, आणि कप्तान टेव्हिटा फिफिटा यांनी त्या सांगाड्याच्या लाकडातून लहान होडी बांधून फिजीचे कडावू बेट गाठले, तेव्हा मागे राहिलेल्यांची सुटका झाली. वाटेत कप्तानांचा मुलगा बुडाला. आजची जोडपी शेवंडे शोधताना ज्या प्रवाळांवरून चालतात, त्यांचे हे शेजार आहे.

मिनर्व्हावर थांबण्याचे अधिकृत कारण हवामान आहे. पुढचे सुमारे आठशे सागरी मैल, म्हणजे सहा ते आठ दिवस, व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्याबाहेर जावे लागते. व्यापारी वारे म्हणजे उष्ण कटिबंधात आग्नेयेकडून सातत्याने वाहणारे, जुन्या शिडाच्या व्यापाराला आधार असलेले वारे. त्यांच्या दक्षिणेला ऑस्ट्रेलियाकडून साधारण आठवड्याला एक या क्रमाने उच्च दाबाचे प्रदेश सरकत येतात आणि दोन उच्च दाबांच्या मधल्या फटीतून नैर्ऋत्येचा बोचरा वारा, कधी कमी दाबाचे वादळ, घुसते. १९९४ च्या जूनमध्ये न्यूझीलंडहून टोंगाकडे, म्हणजे उलट दिशेने, जाणाऱ्या नौका अशा एका वादळात सापडल्या. एकवीस जणांना वाचवावे लागले आणि तिघे गेले. म्हणून प्रत्येक नौकेवर रोज दोनदा हवामानाचे नकाशे उतरवले जातात, आणि एका नौकेवर दोन माणसे असल्याने त्यांचे किमान तीन अर्थ निघतात. अखेर निर्णय होतो तो असा की, शेजारची नौका नांगर उचलते. तिने काहीतरी अधिक जाणले असले पाहिजे, असे मानून तासाभरात निम्मी चाळ रिकामी होते. आणि त्या पहिल्या नौकेवरचे दांपत्य केवळ कांदे संपले म्हणून निघालेले असू शकते.

पुढच्या टप्प्यात थंडी वाढते, लोकर निघते आणि पाळ्या पुन्हा सुरू होतात. १८० अंशांचे रेखावृत्त ओलांडले जाते, पण आंतरराष्ट्रीय वाररेषा टोंगाला वळसा घालून गेलेली असल्याने वार बदलत नाही. नोव्हेंबरात न्यूझीलंडची उन्हाळी वेळही टोंगाच्या वेळेइतकीच असल्याने घड्याळही बदलत नाही. हजार मैल जाऊन काटासुद्धा हलत नाही, ही तक्रार कोणाकडे करावी ते कळत नाही.

शेवटचे दोन दिवस भोजनाचे. न्यूझीलंडचे जैवसुरक्षा अधिकारी, म्हणजे परकी कीड, बीज आणि रोग देशात येऊ नयेत म्हणून नेमलेले लोक, ताजी फळे, भाज्या, मांस आणि मध उतरू देत नाहीत, आणि अंकुर फुटू शकेल अशा कोणत्याही दाण्याकडे संशयाने पाहतात. टाकून देणे हे काटकसरी जोडप्याच्या प्रकृतीला मानवत नाही. त्यामुळे उरलेली पपई, अर्धा कोबी, सात अंडी आणि मधाची बरणी यांचा, लाटांबरोबर झुलणाऱ्या शेगडीवर, दोन दिवसांत निकाल लावला जातो. चातुर्मास लागण्याआधी घरातले कांदे-वांगी संपवणाऱ्या आषाढातल्या कांदेनवमीचाच हा न्याय, फक्त येथे व्रत सरकारने नेमून दिलेले असते. मग पिवळे निशाण चढते, नौका ओपुआ येथील किनाऱ्याशी न जोडलेल्या धक्क्याला लागते, आणि घर डोळ्यांसमोर असताना घरी जायला मनाई असलेल्या अवस्थेत दोघे बुटांचे तळ अधिकाऱ्याला दाखवत उभी राहतात. मधाची बरणी रिकामी असते; दोघांच्याही चेहऱ्यावर त्याचा परिणाम दिसतो.

त्या रात्री, किंवा दुसऱ्या, घर लागते. पलंग रुंद असतो, कलत नाही, आणि त्याला आडभिंत नसते. शरीराची पाळी मात्र उतरलेली नसते. पहाटे तीनला एक उठतो, खिडकीशी जाऊन वारा पाहतो, पाहण्यासारखे काही नसल्याने परत येतो, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात येते की दुसरीही जागीच आहे. चहा उरलेला नाही, जहाजाचा दिवा नाही, भरतीची शक्यता नाही. झडपेचा विषय निघतो.